बाईमाणूस मुराळी

माझ्या नेमणुकीच्या कागदावर पद 'अधीक्षिका' असं लिहिलेलं आहे. पण काय नोकरी केलीत असं कुणी विचारलं तर मी सांगते, मी मुराळी होते. समोरचा माणूस वयस्कर असला तर हसतो, तरुण असला तर मोबाईलमध्ये शब्द शोधायला लागतो. सणाला सासरच्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. भाऊ येतो, बाप येतो, तेही नसले तर चुलता येतो. बाईमाणूस सहसा येत नाही. मी वीस-बावीस वर्षं गेले.

आमचं वसतिगृह नगर शहराच्या कडेला. शहराचं नवं नाव मी कागदावर न चुकता लिहिते, पण जिभेवर अजून नगरच आहे, त्याला माझा इलाज नाही. तिथं अठरा वर्षांवरच्या मुली राहायच्या. लोकांना वाटतं, अनाथ मुलांची सोय सरकार करतं. करतं ना, पण अठरा पुरी होईपर्यंत. मग बालगृह सोडावं लागतं. घरातल्या पोरीचा अठरावा वाढदिवस म्हणजे केक आणि फोटो. आमच्या पोरी त्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभ्या असायच्या. त्यांना दोन-तीन वर्षं छप्पर द्यायचं, नर्सिंग नाहीतर शिवणकाम नाहीतर कॉम्प्युटर असं काहीतरी शिकवायचं, कागदपत्रं करून द्यायची, एवढं आमचं काम. त्यातलं कागदपत्रांचं काम सगळ्यात वाईट. प्रत्येक फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा एक रकाना असतो. तिथं पोचलं की चांगल्या बोलक्या पोरी पेन खाली ठेवायच्या.

मुलींबरोबर अधूनमधून आख्खी कुटुंबंही यायची. कोंडाबाई तशीच आली. जामखेड तालुक्यातली. ऊसतोडीला गेलेली असताना तिचा नवरा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता, तिथून घसरला आणि कमरेतून गेला. टोळी पुढच्या फडाला निघून गेली आणि ही बाई पांगळा नवरा आणि दोन पोरी घेऊन एसटी स्टँडच्या कट्ट्यावर राहिली. मी तिला स्वयंपाकघरामागची खोली दिली आणि रजिस्टरात 'तात्पुरती व्यवस्था' असं लिहिलं. ती अजून तिथंच आहे. तिच्या दोन्ही पोरी तिथनंच शिकल्या, आणि वसतिगृह खरं कोण चालवतं हे आमच्या विश्वस्तांनासुद्धा ठाऊक आहे.

मुराळ्याचं खूळ माझ्या डोक्यात तिनंच घातलं. आमच्या वसतिगृहातल्या सुनंदाचं लग्न झालं तेव्हा मी नवी होते. लग्न लावून दिलं, हार घालून फोटो काढला आणि मला वाटलं माझं काम संपलं. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर भेटायला आली. बोलता बोलता सहज म्हणाली, "आक्का, आमच्या घरात तिघी जावा. वसुबारसेपासून एकेकीचा मुराळी यायला लागला. मीपण पहाटे न्हाऊन पिशवी भरून ओट्यावर बसले होते."

"अगं पण कोण येणार होतं?"

"कुणी नाही. मला माहीत होतं की. पण पिशवी न भरता कसं बसायचं सगळ्यांपुढं?"

ती हसत सांगत होती. माझ्या हातातला चहा गार झाला. ती गेल्यावर कोंडाबाई माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, लगीन लावून दिलं म्हंजी झालं व्हय? लेकीला मुराळी लागतो. तुमी पेठंतल्या, तुमाला काय ठावं."

मी खरंच पेठेतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, रीतभात सांगायला कुणी नाही. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. पुढच्या दिवाळीला मी फराळाची पिशवी घेऊन सुनंदाच्या दारात उभी राहिले. तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत एकही दिवाळी मी घरात बसून काढली नाही.

मुराळ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. वेळेवर जावं, सगळ्या जावांसाठी पुरेल एवढा फराळ न्यावा, सासूच्या हातचं आधी खावं, भाजीत मीठ जास्त झालं तरी वाटी पुढं करावी. लेकीकडं फार बघू नये, नाहीतर ती रडते. आणि सासऱ्यानं टॉवेल-टोपी दिली तर नाही म्हणू नये, तो मुराळ्याचा मान असतो. माझ्या बाबतीत त्याच मानाची पंचाईत व्हायची. राळेगणसिद्धीच्या अलीकडे एका गावात आमची एक मुलगी दिली होती. तिथले म्हातारे सासरे हातात टोपी धरून माझ्यासमोर उभे राहिले. बाईच्या डोक्यावर टोपी घालावी कशी? सासूबाई आतून म्हणाल्या, "अवो, खन द्या खन." म्हातारा खवळला. "खन पाव्हनीला. मुराळ्याला टोपी. रीत म्हंजी रीत." आणि त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पदरावर टोपी ठेवली. सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण एसटीत बसल्यावर टोपी काढून बघत राहिले. आजपर्यंत माझ्या पेटीत अशा नऊ टोप्या जमल्या आहेत. मोजून ठेवण्याइतकी मी हावरट आहेच.

स्थळाची चौकशी हे या कामातलं दुसरं कसब. त्याला मी एकच जागा मानते, पिठाची गिरणी. मुलाच्या घरी गेलं की पोहे मिळतात, खरं मिळत नाही. गिरणीत डबा रांगेत ठेवून बसलेल्या बायका खरं बोलतात, कारण दळण होईपर्यंत त्यांना दुसरं काम नसतं. एकदा मी हा नियम मोडला. मुलगा सरकारी नोकरीतला, बंगला मोठा, मी भाळले. ती मुलगी वर्षाच्या आत मार खाऊन परत आली. आता ती पुण्यात नर्स आहे, बरी आहे, फोन करते. पण तिच्या कपाळावरची खूण बघितली की मला त्या गावची गिरणी आठवते, जिथं मी गेले नव्हते.

वर्षा नावाच्या आमच्या मुलीच्या वेळेला मात्र मी नीट चौकशी केली होती. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात एक वाडी. मुलगा दत्तू, भातशेती करणारा, स्वभावानं मऊ. तिथल्या भाताच्या गिरणीत मी दोन तास बसले. सासू हिराबाईबद्दल सगळ्यांनी एकच सांगितलं, "तोंडानं फाटकी, पर पोटात काय न्हाई." वर्षाही काही कमी नव्हती. लहानपणी कुणीतरी तिला एका देवळात सोडून गेलेलं. आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवशी भाजीला नाव ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोडणी घालून कोंडाबाईला जिंकलं. मला वाटलं, दोघी तोंडाच्या, जमेल. जमलंही.

लग्न वसतिगृहाच्या अंगणातच झालं. तिकडची मोजकी माणसं आली. निघताना हिराबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, वाडीत मी सांगितलंय, सून जामखेडकडची हाय. मायबाप ऊसतोडीला जात्यात, म्हून लग्नाला कोन आलं न्हाई. कुनी इचारलं तर तुमी मान हालवा."

मला ते खोटं आवडलं नाही. आमच्या मुलींनी कशाला लपवायचं, असं मी भाषणांतून सांगणारी बाई. पण लग्नाच्या मांडवात वाद नको म्हणून मान हलवली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्हाला एका देणगीदारांनी जीप दिली. नवी कोरी, पांढरी. दोन्ही बाजूंना लाल ठसठशीत अक्षरांत 'निराधार मुलींचे वसतिगृह' आणि खाली देणगीदारांचं नाव. तोवर मी सगळीकडं एसटीनं जायची. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. विश्वस्त म्हणाले, ताई, आता थाटात जा. मलाही वाटलं, आपल्या पोरीच्या दारात एकदा गाडीतनं उतरावं. खोटं कशाला सांगू, मिरवायची हौस मलाच आली होती. गोरख ड्रायव्हरनं जीप धुतली, पुढं झेंडूची माळ लावली आणि आम्ही निघालो.

वाडीत पोचलो तेव्हा भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती, पण सणाचा दिवस म्हणून बरीच माणसं देवळाच्या पारावर होती. गोरखनं गाडी नेमकी पारासमोर लावली, सावलीला. मी ऐटीत उतरले. नुकतीच वाचायला शिकलेली एक चिमुरडी मुलगी पुढं आली, गाडीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं खणखणीत वाचायला लागली. "नि-रा-धा-र. मु-लीं-चे." वाचता आलं म्हणून तिला इतका आनंद झाला, की तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

हिराबाईची जाऊ सूप घेऊन दारात उभी होती. ती तिथनंच म्हणाली, "काय गं हिरे, तुझ्या सुनंचं म्हायार गाडीवर लिव्हलंय व्हय?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. पण गाडी काही पदराखाली झाकता येत नाही. हिराबाईनं मला पाणी दिलं, चहा दिला, लाडू दिला, एक शब्द दिला नाही. जाताना टॉवेल-टोपी निघाली नाही. वर्षा खाली मान घालून पिशवी घेऊन गाडीत बसली. राजूर मागं पडलं, अकोले गेलं. संगमनेरच्या अलीकडे तिनं विचारलं,

"आक्का, मला दिवाळीला न्यायला आलात, का परत न्यायला?"

गोरखनं आरसा वळवला.

भाऊबीज झाली. रीतीप्रमाणे चार-पाच दिवसांनी सासरहून कुणीतरी न्यायला यायला हवं. दत्तूचा रोज फोन यायचा, तो हळू आवाजात म्हणायचा, "आईचं डोकं जरा शांत होऊं द्या." हिराबाई फोनवर यायची नाही. वर्षा कोंडाबाईच्या खोलीत राहिली होती. सकाळी उठून अंगण झाडायची, दुपारी झाडायची, फाटकाची कडी वाजली की झाडू तसाच हातात धरून बघायची. आठवडा गेला. बाकीच्या मुली एकेक करून सासरी परतल्या. मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालत होते. बिनबापाच्या पोरीचं बसलेलं घर मी लाल अक्षरांनी मोडलं होतं. शेवटी मी कोंडाबाईला म्हटलं, मी जाते आणि हिराबाईचे पाय धरते.

"जाऊ नगा," ती म्हणाली. "तुमी गेल्या की पुन्यांदा संस्थाच गेली. बगा जरा वाट."

दहाव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. हिराबाई. डोक्यावर बोचकं, पायात धूळ. एकटी एसटीनं आली होती, तीन गाड्या बदलून. वर्षानं वाकून नमस्कार केला, पण ती तिच्याकडं न बघता सरळ माझ्या ऑफिसात आली आणि खुर्ची सोडून खाली बसली. मीही खाली बसले.

"बाई, मला खोटं पाडलंत तुमी."

मी म्हटलं, "चुकलं माझं. पण हिराबाई, खोटं सांगायचंच कशाला होतं? ती निराधार आहे यात तिचा काय दोष?"

"दोष न्हाई हो! मला काय कळत न्हाई?" तिचा आवाज चढला. "पर आमच्याकडं सून आली की बाया आदी बघत्यात, हिच्या मागं कोन हाय. कोन न्हाई आसं दिसलं, की समद्यांची जीभ सुटती. जाऊ बोलती, चुलती बोलती, पान्यावर गेली तर तिथं बोलत्यात. मी किती दिस पुरनार? म्हून मी तिला म्हायार दिलं हुतं. माज्या तोंडानं दिलं. तुमी गाडी घिऊन आलात आन् ते घिऊन गेलात."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं खरं कुणी सुनावलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "आता काय करायचं?"

तिनं बोचकं सोडलं. आत नवा तांदूळ होता. तो माझ्यापुढं सरकवून ती म्हणाली, "आता काय? समद्या वाडीनं तुमाला बघितलंय. आता तुमीच तिची आई, दुसरी कुटनं आनू? पर गाडी आनू नगा. यष्टीनं या, फाट्यावरनं चालत या, घामाघूम हून या. आईबाप तसंच येत्यात." मग दाराकडं वळून ओरडली, "ये भवाने, पिशवी भर. भात काय मी एकलीनं सोंगू?"

वर्षा दाराआडच उभी होती. झाडू टाकून पळाली.

जीपवरची अक्षरं पुसायला मला विश्वस्तांशी तीन बैठका भांडावं लागलं. देणगीदाराला काय सांगायचं, असं ते विचारत. मी म्हटलं, नाव राहू द्या त्यांचं, आमचं तेवढं पुसा. शेवटी गोरखनं स्वतःच ब्रश घेऊन रंग दिला. रंग पातळ होता, उन्हात अजून ती अक्षरं अंधुक दिसतात.

त्यानंतर दर दिवाळीला मी वाडीला एसटीनं गेले. फाट्यापासून चढाची वाट, डोक्यावर फराळाचा डबा, पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. हिराबाई मुद्दाम पारावर येऊन उभी राहायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "दमल्या बगा." तिच्या जावेनंही पुढं पुढं मला घोंगडी टाकायला सुरुवात केली. पण हिराबाई मला हाक मारायची ती 'संस्थेच्या बाई' अशीच. विहीण कधी म्हणाली नाही. मी वाट बघायचे, मनातल्या मनात. आणि मुक्कामही कधी केला नाही. लेकीच्या घरी आपला भार टाकायचा नाही, हा माझा नियम होता. भार नको म्हणून, की एकदा राहिले तर निघवणार नाही म्हणून, ते मलाच माहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. वसतिगृहाची खोली सोडली आणि केडगावात एक भाड्याची खोली घेतली. नवी अधीक्षिका हुशार आहे, मुराळ्याची यादी तिनं भिंतीवर लावली आहे. जुन्या माणसानं तिथं लुडबुड करू नये, म्हणून मी जात नाही. दिवाळी जवळ आली तशी शेजारच्या मंदाताईंनी विचारलं, "दिवाळीला कुणाकडे आक्का?" त्यांच्या दारात दोन्ही लेकींच्या चपला होत्या. मी पटकन बोलून गेले, "लेकीकडं. अकोल्याला. ते येतील न्यायला."

हिराबाईला खोटं का बोललात म्हणून विचारणारी मी! वर्षानं फोनवर दहादा बोलावलं होतं. मी दहादा गुडघे पुढं केले होते. न्यायला कुणी आल्याशिवाय जायचं कसं, हे तिला सांगता येईना. आणि खोटं बोलल्यावर ते निभवावं लागतं. वसुबारसेच्या सकाळी मी लवकर न्हाले, साडी नेसले, पिशवी भरली आणि दार उघडं ठेवून बसले. थोड्या वेळानं कुलूप लावून कुठंतरी जायचं, शिर्डीला नाहीतर देवगडच्या दत्ताला, चार दिवसांनी यायचं, असा बेत होता. बसल्या बसल्या मला सुनंदा आठवली. पिशवी न भरता कसं बसायचं, म्हणाली होती. ते मला कळायला इतकी वर्षं लागली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून आवाज आला. पहिल्यांदा वाटलं भाजीवाली आहे.

"इहीनबाई! अवो इहीनबाई! कुटल्या घरात हायेत आमच्या इहीनबाई?"

दारं उघडली. मंदाताई बाहेर आल्या. गल्लीच्या मधोमध हिराबाई चालत येत होती, डोक्यावर तांदळाचं बोचकं, घामाघूम. माझ्या दाराशी येऊन तिनं बोचकं दाणकन खाली ठेवलं.

"उठा. मुराळी आलाय तुमाला न्यायला. तुमची लेक खळ्यात गुतलीय, म्हून मीच आले. लेकीला मुराळी जातो, मंग आईला कुनी जायाचं का न्हाई?"

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, लाडू दिला. मग पेटी उघडली, नऊ टोप्यांतली सगळ्यात पांढरी काढली आणि तिच्या पदरावर ठेवली. ती लाजली नाही, हसली नाही. टोपी नीट बसवली, दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"मोठ्यांदा बोलले ना? एकली बाई नव्या गल्लीत कायतरी सांगून बसली आसंल, मला ठावं हुतं."